चौदा किलोंचं बक्षीस

पिंपळे गुरव
२० जुलै २०२३

सुभद्राबाई विहीणबाईंना इंदुताईचा नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नका, सगळं ठीक आहे. परवा फोनवर मी अर्धा तास ओरडले, समोरच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत आली, आणि शेवटी तुम्ही म्हणालात, काहीच ऐकू आलं नाही, ठेवते. तेव्हा ठरवलं, तुमचं कानाचं यंत्र येईतो तुमच्याशी कागदावरच बोलायचं.

कारण असं की अधिक महिना लागलाय आणि तुमची तेजस्विनी म्हणाली, आईनं आम्हा दोघांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलंय. लेक-जावयाला बोलवा, ओवाळा, वाण द्या, माझं काही म्हणणं नाही. फक्त जयदीपला बेतानं वाढा. त्याच्या चाकणच्या कंपनीत वजन कमी करायची स्पर्धा लागली आहे. एक जूनला काट्यावर उभा राहिला तेव्हा अठ्ठ्याण्णव किलो भरला. वय एकोणचाळीस, उंची साडेपाच फूट, आणि पोट असं की बुटाची नाडी बांधायला बायकोला हाक मारावी लागते. हातपाय तसे बेताचेच, सगळा माल पोटात. तीन पाळ्यांची नोकरी. रात्रपाळी सुटली की कंपनीच्या बसमधून निगडीला उतरून दोन वडापाव, घरी येऊन पोहे, मग दिवसभर झोप. आमच्या घराण्यात पोटाला आजवर कुणी नावं ठेवली नाहीत. आमचे हे तर म्हणतात, "पोट हाय म्हंजे घर बरं चाललंय." यांच्या पोटाकडे पाहिलं तर आमचं घर फारच बरं चाललंय म्हणायचं.

पण यंदा मी मनावर घेतलंय. रोज सकाळी दुधीचा रस देते, चालायला पिटाळते. दीड महिन्यात पाच किलो उतरला. कंपनीच्या कँटीनच्या दाराशी फळ्यावर दर पंधरवड्याला सगळ्यांची वजनं लिहितात, त्यात त्याचा चौथा नंबर आहे. तुमच्या तीन दिवसांच्या तुपानं माझा दीड महिन्याचा रस वाया जायला नको, म्हणून हा पत्रप्रपंच.

लोभ हवा तेवढा वाढवा, वजन वाढवू नका.

इंदुताई


भूम, जि. धाराशिव
६ ऑगस्ट २०२३

इंदुताई विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. पोरांना नीट वाढा, पोटभर वाढा, असं आयांना सांगून सांगून घसा बसला. कमी वाढा असं मला कुणी सांगण्याची ही पहिलीच वेळ.

लेक-जावई तीन दिवस राहून परवा गेले. पुरणाचे धोंडे केले होते. तेहतीस अनारसे झाले, जाळी छान पडली, वरती चांदीचं निरांजन ठेवून वाण दिलं. माफ करा, पण धोंड्याचा महिना तीन वर्षांनी एकदा येतो. जावयाला दुधीच्या रसावर परत पाठवलं असतं तर गल्लीत मला तोंड दाखवायची सोय राहिली नसती. जावईबापूंनी पोटभर खाल्लं. सगळं व्यवस्थित पार पडलं.

तुमच्या रसाचा गुण मात्र दिसतो. दंड बारीक झालेत, सदऱ्याची बाही लोंबत होती. माझं लक्ष सवयीनं आधी दंडाकडेच जातं. अंगणवाडीत पोराच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळायची. घेर हिरव्यात आला तर बरं, पिवळ्यात आला तर लक्ष ठेवायचं, लालमध्ये आला तर त्याच दिवशी दवाखाना. निवृत्त झाले तरी ती पट्टी माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. तेजस्विनी हसते मला.

थोडे अनारसे डब्यात घालून दिलेत, ते तुमच्यासाठी. तुम्ही काही स्पर्धेत नाही.

आपली,
सुभद्राबाई


पिंपळे गुरव
२ सप्टेंबर २०२३

विहीणबाई, उभ्या असाल तर आधी खाली बसा. जयदीप पहिला आला.

अठ्ठ्याण्णवचा चौऱ्याऐंशी झाला. तीन महिन्यांत चौदा किलो. आकडा ऐकून मी मटकन बसले, खरंच. दुसरा नंबर आला त्या गणराजचे आठच उतरलेत, आणि तो बिचारा रोज पहाटे टेकडी चढत होता. मोठ्या साहेबांच्या हातून जयदीपला सायकल मिळाली. कँटीनच्या दाराशी त्याचे दोन मोठे फोटो लावलेत, एक आधीचा, एक नंतरचा. खाली लिहिलंय, 'जयदीपला जमलं, तुम्हालाही जमेल.' आम्ही अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

आता तुम्हाला म्हणून सांगते, कुणाला बोलू नका. या पठ्ठ्यानं काही म्हणजे काही केलेलं नाही. दमायला होतं म्हणून जुलैपासून चालणं बंद. माझा रस तो बेसिनमध्ये ओतत होता, हे मला काल कळलं. तुमच्याकडून आला तेव्हा एक्क्याण्णव होता, आणि त्यानंतरच्या एका ऑगस्टमध्ये सात किलो उतरले. म्हणजे तुमच्या तुपात काही दम नाही, हे सिद्ध झालं. हे म्हणतात, अंग एकदा उतरायला लागलं की आपसूक उतरतं.

तुम्ही साखरपुड्यात घातलेली अंगठी हात धुताना गळून पडली, नशीब की जाळीत अडकली. गाल बसलेत. पोट मात्र महाहट्टी. एवढं वजन उतरलं तरी कमरेचा पट्टा एकाच भोकानं आत गेलाय. तेही जाईल म्हणा.

आज फार आनंदात आहे. तुम्हीही गोड करून खा.

इंदुताई


भूम
९ सप्टेंबर २०२३

इंदुताई,

आधी अभिनंदन लिहायला हवं, पण हात उचलत नाही. तुम्हाला राग येईल, तरी शेवटपर्यंत वाचा.

तुमच्या पत्रांतली वजनं मी वहीच्या पानावर मांडली, जशी पोरांची मांडायचे. जूनमधला उतार समजतो. तेव्हा ते चालत होते, बेतानं खात होते. जुलैत चालणं थांबलं. माझ्याकडे आले तेव्हा भरपेट जेवले. तिथून पुढे रेघ वर जायला हवी होती, निदान सपाट राहायला हवी होती. ती तिथूनच सरळ खाली पडली आहे. खातंपितं पोर वजन गमावायला लागलं तर आम्ही टाळ्या वाजवत नव्हतो, त्याला उचलून दवाखान्यात पळत होतो. मोठ्या माणसाला वेगळा नियम असेल असं मला वाटत नाही.

दुसरं असं की दंड गेले, बोटं गेली, गाल गेले आणि पोट जागच्या जागी आहे. म्हणजे जे गेलं ते मांस गेलं. हे लक्षण मला बरं दिसत नाही.

जावईबापूंना याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या. रक्त तपासून घ्या, पोट तपासून घ्या. शौचाचं विचारतील, त्यांना सांगा की लाजू नका.

आणखी एक लिहायचं होतं. राहू दे.

सुभद्राबाई


पिंपळे गुरव
१६ सप्टेंबर २०२३

श्रीमती सुभद्राबाई यांस,

पत्र पोचलं. जयदीपला दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, सासूबाईंना जिकडे तिकडे कुपोषणच दिसतं.

गणपती तीन दिवसांवर आलेत. पोराचं कौतुक झालं, चार लोकांत नाव झालं, अशा वेळी असं लिहिणं मला बरं वाटलं नाही. दृष्ट लागते ती अशीच. मार्चमध्ये कंपनीच्या तपासणीत त्याला 'फिट'चा शिक्का मिळालाय आणि तो डॉक्टरनं मारलाय, अंगणवाडीनं नाही. आईला तिचा मुलगा आजारी आहे असं सांगताना माणसानं चारदा विचार करावा.

पुढच्या वेळी अनारशांची कृती पाठवलीत तर बरं होईल.

इंदुताई


पिंपळे गुरव
२८ ऑक्टोबर २०२३

सुभद्राबाई,

तेजस्विनीनं तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन करून निरोप दिलाच असेल की ऑपरेशन झालं, घाबरू नका. एवढंच सांगायला मी सांगितलं होतं. बाकीचं मी लिहिते. अक्षर लावून घ्या.

सोळा तारखेला पहिल्या पाळीत जयदीप लाइनवर उभ्याउभ्या कोसळला. कंपनीच्या गाडीतून दवाखान्यात नेला. अंगात रक्त निम्म्याहून कमी, हिमोग्लोबिन सहा. डॉक्टरनं आम्हालाच विचारलं की हा माणूस आजवर चालत कसा होता. रक्त चढवलं, मग कॅमेरा घालून पाहिलं. मोठ्या आतड्यात गाठ आहे, लिंबाएवढी, अर्धी वाट अडवून बसलेली. कॅन्सर. हा शब्द मी पहिल्यांदा लिहिते आहे. लिहिला आणि पेन खाली ठेवून आत पाणी प्यायला जाऊन आले. सोमवारी ऑपरेशन केलं, वीतभर आतड्याचा तुकडा काढला. दसऱ्याला आमच्या दाराला तोरण नव्हतं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर बाई आहेत, शांत बोलतात. मी त्यांना म्हटलं, असं कसं होईल, माझा मुलगा तर बारीक झाला होता, त्याला पहिलं बक्षीस मिळालंय. त्यांनी हातातले कागद बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "आजी, ते बारीक होणं म्हणजेच हा आजार होता."

सुभद्राबाई, मी पेढे वाटले हो.

मग त्यांनी कागदावर पोट काढून दाखवलं. पोटावर चिमटीत धरता येते ती चरबी वेगळी, आणि आत आतड्याभोवती, यकृताभोवती साठते ती वेगळी. बाहेरची बरीचशी गप्प पडून असते. आतली गप्प नसते. ती रक्तात नाही नाही ते सोडत राहते, आत कायम बारीक सूज ठेवते, साखरेचं गणित बिघडवते. वर्षानुवर्षं असं चाललं की आतड्यासारख्या ठिकाणी कॅन्सर व्हायची शक्यता वाढते. शक्यता, खात्री नव्हे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. सडपातळ माणसांनाही होतो आणि पोटवाल्या सगळ्यांना होत नाही. पण जयदीपचं पोट उघडलं तेव्हा आतड्यावर पिवळ्या चरबीची गोधडी पांघरलेली होती म्हणे. चौदा किलो गेले त्यात ती जवळपास तशीच राहिली. गेलं ते तुम्ही लिहिलं होतंत तेच, मांस. यांना तिथेच घेरी आली. चाळीस वर्षं हा माणूस पोटावर हात फिरवून घर बरं चाललंय म्हणतोय.

आता माझं ऐका. मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं. तुमचं पत्र मी जयदीपला दाखवलं नाही. कुणालाच दाखवलं नाही. त्याचं ते हसणं, ते वाक्य, सगळं मी रचलं. पत्र वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी ते तांदळाच्या डब्याखाली सारलं. तेरा सप्टेंबरला ते माझ्या हातात पडलं आणि सोळा ऑक्टोबरला पोरगा पडला. तेहतीस दिवस. तुमच्या अनारशांइतके. डॉक्टरांना मी विचारलं, तेहतीस दिवसांनी काय फरक पडला असता. त्या म्हणाल्या, ते कुणी सांगू शकत नाही. हो म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान रडून मोकळी झाले असते.

पण एक मलाही विचारायचं आहे. डॉक्टरांनी जयदीपला विचारलं, शौचाचा त्रास कधीपासून. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "धोंड्याच्या जेवणापास्नं लईच. सासूबाईंना म्हाईत हाय."

तुम्हाला काय माहीत होतं, सुभद्राबाई?

इंदुताई


भूम
२ नोव्हेंबर २०२३

इंदुताई,

तुम्ही विचारलंत ते सांगते. कमी करून सांगणार नाही.

जेवण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू पाच वेळा परसाकडे गेले. मला वाटलं, माझं तूप बाधलं. तेजस्विनी शेजारी हळदीकुंकवाला गेली होती, घरात आम्ही दोघंच. ते बाहेर आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. मी नंतर आत गेले तर फरशीवर पाण्याची लाल रेघ होती. मी दाराशी येऊन उभी राहिले. त्यांनी ओळखलं. म्हणाले, "बीट खाल्लं ना काल, त्याचं आसंल. आमच्या आईला नका सांगू, ती म्हणंल सासरवाडीला पोट बिघडलं." मी मान हलवली आणि जिरेपूड घालून ताक करून दिलं.

इंदुताई, त्या दिवशी माझ्या घरात बीट नव्हतं. ताटातला प्रत्येक पदार्थ मी माझ्या हातानं वाढला होता. कोशिंबीर काकडीची होती.

मला ते त्याच क्षणी माहीत होतं. आणि तरी मी बीट मान्य केलं. का, ते ऐका. जावई धोंड्याला आला आणि माझ्या जेवणानं आजारी पडून गेला, असं तुमच्याकडे, माझ्या गल्लीत, चार पाहुण्यांत झालं असतं. त्या नावाला मी भ्यायले. म्हणून सगळं व्यवस्थित पार पडलं, असं तुम्हाला लिहिलं. पुढे तुमचा चौदा किलोंचा आकडा वाचला आणि ती लाल रेघ आठवली. तेव्हाही मी वजनाचं लिहिलं, दंडाचं लिहिलं, पोटाचं लिहिलं. रक्ताचं लिहिलं नाही. आणखी एक लिहायचं होतं, राहू दे, असं जे लिहिलं ते हेच होतं. ती एक ओळ लिहिली असती तर तुम्ही पत्र डब्याखाली सारलं नसतं. दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन दवाखान्यात गेला असता. तुम्ही आई आहात.

एकतीस वर्षं मी लाल रंग दिसला की दवाखाना गाठायला शिकवलं. माझ्या घरच्या फरशीवर लाल दिसलं आणि मी त्यावर दोन बादल्या पाणी ओतलं.

तुमचे तेहतीस दिवस मोजू नका. माझे सत्तरावर जातात.

या पत्रामागोमाग येते आहे. तुम्ही दार उघडलं नाहीत तर जिन्यात बसेन.

सुभद्राबाई


पिंपळे गुरव
२१ जानेवारी २०२४

सुभद्राबाई,

तुम्ही भूमला गेलात त्याला आठवडा झाला आणि स्वयंपाकघरात अजून मी तुमच्यासाठी मोठ्यानं बोलते. कानाचं यंत्र आलं असेल तरी पत्रच लिहा. फोनवर आपण दोघी खोटं फार सहज बोलू, याची मला खात्री आहे.

केमोचे चार डोस झाले, आठ बाकी आहेत. आतड्याबरोबर आजूबाजूच्या अठरा ग्रंथी काढल्या होत्या, त्यांतल्या दोनांत रोग होता, हे तुमच्यासमोरच सांगितलं होतं. परवा मी डॉक्टरांना पुन्हा विचारलं, बरा होईल ना. म्हणाल्या, आशा चांगली आहे, पण पाच वर्षं मी तुम्हाला शब्द देणार नाही. पाच वर्षं, सुभद्राबाई. मी सकाळी उठते, क्षणभर सगळं विसरलेली असते, आणि मग ते एकदम छातीवर येऊन आदळतं. रोज नव्यानं. हे मात्र संध्याकाळी नाना-नानी पार्कात तीन फेऱ्या मारतात, गुपचूप, आणि पोटावर हात फिरवत नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली. गेल्या मंगळवारी जयदीपचे रजेचे कागद द्यायला यांच्याबरोबर चाकणला कंपनीत गेले. कँटीनच्या दाराशी पाहते तर ते दोन फोटो तसेच लटकलेले. आधी आणि नंतर. पोरगा केमोच्या खुर्चीत आणि खाली लिहिलंय, 'तुम्हालाही जमेल.' स्पर्धेची दुसरी फेरी सुरू झालीय, आणि त्या 'नंतर'च्या फोटोसमोर उभी राहून पोरं मोबाइलवर आपले फोटो काढत होती. त्या फोटोतले बसलेले गाल मी नीट पाहिले. आईनं तेव्हाच पाहायला हवे होते.

मी तिथल्या ऑफिसातल्या दिपाली मॅडमना म्हटलं, हे काढा. त्या भल्या बाई, त्यांना आजाराचं माहीत होतं, फोटोचं लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी स्वतः खुर्चीवर चढून काढले. मग भिंत मोकळी दिसायला लागली. पर्समध्ये तुमचं नऊ सप्टेंबरचं पत्र होतं. ऑपरेशनच्या दिवसापासून ते मी बरोबर बाळगते. मी म्हटलं, याच्या जागी हे लावा. त्यांनी ते मोठं करून छापून आणलं आणि तिथं लावलं. आपली नावं झाकली. 'आणखी एक लिहायचं होतं. राहू दे.' ही तुमची शेवटची ओळ तेवढी मी खोडली आणि खाली माझ्या हातानं लिहिलं: 'शौचावाटे रक्त जात होतं. ते दोन आयांनी लपवलं.'

त्यात एक खोट आहे, मला कळतं. मला तेव्हा रक्ताचं ठाऊक नव्हतं. पण मी तुमचं पत्र लपवलं होतं, म्हणून हिशेब सारखाच धरला.

काल गणराज घरी आला होता, तोच दुसऱ्या नंबरवाला. जयदीपशेजारी बसला. निघताना जिन्यात मला म्हणाला की त्यालाही चार महिन्यांपासून रक्त जातंय, मूळव्याध समजून तो मेडिकलमधून मलम आणून लावत होता, आणि पत्र वाचून सोमवारी कॅमेऱ्याची वेळ घेतलीय. मूळव्याधच असेल, बहुतेक तीच असते, असं डॉक्टर म्हणालेत. मी त्याला म्हटलं, बायकोला सांगितलंस का. तो पायऱ्या उतरायला लागला. मी त्याला परत वर आणला, जयदीपच्या फोनवरून त्याच्या बायकोला फोन लावला आणि तो बोलेपर्यंत दार अडवून उभी राहिले.

आता शेवटचं. तुम्ही आलात त्या दिवशी, नोव्हेंबरात, न बोलता शिवणाच्या डब्यातून ती पोरांची पट्टी काढलीत आणि जयदीपच्या दंडाला गुंडाळलीत. पाच वर्षांच्या पोरांसाठी केलेली पट्टी एकोणचाळीस वर्षांच्या बाप्याच्या दंडाला पुरली. तुम्ही जाताना ती उशाशी ठेवून गेलात.

आज सकाळी मी ती गुंडाळून पाहिली. त्याला म्हटलं हात सैल सोड, ओढून पाहिली, पुन्हा पाहिली. दोन टोकं जुळली नाहीत. बोटभर कमी पडली.

इंदुताई